रुपया का कापलात, आणि वेण्णा लेक गोठलं कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मूळचा वाईचा, गेली एकवीस वर्षं अमेरिकेत मिनेसोटात, सेंट पॉलच्या जवळच्या एका गावात राहतो. आपला पेपर रोज सकाळच्या चहाबरोबर मोबाईलवर वाचतो, म्हणजे तोवर तुमच्याकडं संध्याकाळ झालेली असते आणि बातम्या शिळ्या, पण सवय ती सवय. पत्र लिहायला कारणं दोन आहेत आणि दोन्ही बर्फाचीच आहेत त्यामुळं एकातच उरकतो. जागा पुरली नाही तर कापा, पण कापायच्या आधी सगळं वाचा, असं का म्हणतोय ते पुढं कळेलच.

पहिलं कारण माझा रुपया. तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांचे फोटो आले त्यात माझाही एक आला, डबक्यावरच्या बर्फातल्या गोल गोल रेघांचा. छापलात त्याबद्दल आभार, घरी दोन दिवस कौतुक झालं. पण मूळ फोटोत खालच्या कोपऱ्यात मी एक रुपयाचं नाणं ठेवलं होतं, ते तुमच्या पानावर नाहीये. कुणीतरी कापलं. आणि फोटोखाली ओळ काय तर "निसर्गाची किमया!" उद्गारचिन्हासकट. मग व्हायचं तेच झालं. साताऱ्याहून मावसभावाचा फोन, "विमानातनं काढलास का रे, कुठली नदी ही?" शाळेच्या ग्रुपवर एकानं लिहिलं मंगळावरचा दिसतोय, दुसरा म्हणाला एआय आहे, आजकाल सगळं एआयच असतं, आणि त्याला सात जणांनी अंगठे दिले. आता ते डबकं आमच्या अपार्टमेंटच्या मागच्या पार्किंगमधलं, कचऱ्याच्या डब्यापासनं चार पावलांवर, जेमतेम दोन चपला लांब. हे सगळं मी फोटोबरोबर चार ओळीत लिहूनही पाठवलेलं, त्या चार ओळी गेल्या आणि किमया आली.

नाणं मी हौसेनं ठेवत नाही हो. झाड दिसलं की झाड केवढं असतं ते आपल्याला ठाऊक असतं, माणसाचंही तसंच. बर्फावरच्या रेघेचं तसं काही नसतं. सैबेरियातल्या बैकल सरोवरावरचे तडे किलोमीटरनं मोजावे लागतात आणि माझ्या डबक्यावरची रेघ नखानं, फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून शेजारी काहीतरी ओळखीचं लागतं. इथलं क्वार्टरचं नाणंही चाललं असतं पण रुपयाचं माप माझ्या डोळ्यात बसलंय आणि वाचकांच्याही, म्हणून खास भारतातनं आणलेला एक रुपया कोटाच्या खिशात असतो.

आता त्या गोल गोल रेघा कशा झाल्या ते सांगतो, कारण मला स्वतःला हे कळायला दोन हिवाळे लागले. रात्री पारा शून्याखाली गेला की डबक्यावर पातळ पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते तसा, आणि साय जशी आधी पातेल्याच्या कडेला चिकटते तसा हाही आधी कडेला. पण डबकं म्हणजे काही पातेलं नव्हे, खालची खडी हळूहळू पाणी पीत असते, मग पापुद्रा राहतो वर अधांतरी आणि पाणी उतरतं खाली. उतरलेल्या पाण्याला नवीन काठ मिळतो, त्या काठाला परत बर्फ धरतो, तिथं एक बारीक कंगोरा उठतो, परत पाणी उतरतं, परत काठ, असं पहाटेपर्यंत चालतं. सकाळी बघाल तर एकात एक रेघा, भूगोलाच्या नकाशात समोच्च रेषा असायच्या ना हुबेहूब तशा. आणि अर्थही जवळपास तोच, जिथं डबक्याचा तळ उभा उतरतो तिथं रेघा दाटीवाटीनं, जिथं तळ पसरट तिथं लांब लांब. पांढरं जे दिसतं ते पापुद्र्याखाली अडकलेल्या हवेमुळं. पाय दिला की चुर्र आवाज येतो आणि खाली पाणी नसतंच, कोरडी खडी. लहान पोरांना हे इथं बरोब्बर माहिती असतं, शाळेच्या बसला जाताना एकही डबकं सोडत नाहीत, त्यामुळं मला त्यांच्या आधी उठावं लागतं.

फोटो काढण्यात म्हणाल तर फार शास्त्र नाही, गुडघे मात्र शाबूत पाहिजेत. कॅमेरा बर्फाला अगदी समांतर धरायचा, जरा कलला तर अर्धं चित्र स्पष्ट आणि अर्धं पुसट. खरी कटकट असते ती आभाळाची. बर्फ चकचकीत, सरळ वरनं बघितलं की त्यात पांढरं आभाळ आणि त्याच्या मधोमध आपलं टोपीवालं डोकं. लोक सांगतात पोलरायझर लाव, म्हणजे चकाकी कमी करणारी लेन्सवरची काच, मीही पैसे घालून घेतला, पण तो तिरकं बघताना कामाचा, सरळ वरनं घ्यायचा असेल तर लावला काय न लावला काय. शेवटी उपाय सापडला वाईच्या बाजारातल्या काळ्या लांब दांड्याच्या छत्रीचा, जी इथं एकवीस वर्षं कपाटाच्या मागं पडून होती. छत्री डोक्यावर धरली की बर्फात आभाळाच्या जागी काळं कापड दिसतं, आणि एकदम पडदा सरकल्यासारखं आतलं सगळं दिसायला लागतं, बुडबुडे, तडे, अडकलेलं पान, पानाच्या शिरा. बाजूनं येणारं सकाळचं ऊन अडत नाही कारण सूर्य खाली असतो. आता तुम्हीच डोळ्यासमोर आणा, उणे बारा तापमान, निरभ्र आभाळ, आणि एक अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पार्किंगमध्ये उकिडवा बसून डबक्यावर छत्री धरतोय. आमची ही खिडकीतनं बघते आणि पडदा ओढून घेते.

बाकी बारीकसारीक गोष्टी ज्याला करायच्यात त्याच्यासाठी लिहितो. पारदर्शक बर्फावर ऑटोफोकस बावचळतो, पुढं मागं पुढं मागं करत बसतो, तेव्हा फोकस हातानं एखाद्या बुडबुड्यावर नाहीतर पानाच्या कडेवर लावायचा. पांढरा बर्फ कॅमेरा हटकून राखाडी करतो, एखादा स्टॉप, म्हणजे उजेडाची एक पायरी, वाढवून घ्यायचा. काळ्या, म्हणजे नितळ बर्फाचं उलट, तिथं कमी करायचा. श्वास धरायचा, नाहीतर वाफ लेन्सवर जाऊन बसते. बॅटरी थंडीत पटकन मान टाकते म्हणून दुसरी आतल्या खिशात अंगाजवळ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरात शिरायच्या आधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि तासभर तसाच ठेवायचा. पहिल्या वर्षी मी तसाच आत घेऊन आलो, आमच्याकडं कुकर लावलेला, घरात दमट गरम हवा, आणि थंडगार कॅमेऱ्याला दरदरून घाम फुटला, लेन्सच्या आतपर्यंत. ते म्हणजे दवच की, गवताऐवजी कॅमेऱ्यावर पडलं एवढंच. दवाचा विषय पुढं येणार आहे, लक्षात ठेवा.

डबक्याच्या पुढची इयत्ता म्हणजे तळं. मिनेसोटाला दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणतात, हिशेबाला बसलं तर ती दहा हजाराच्याही वर भरतात, त्यामुळं प्रत्येकाच्या घरामागं एक असतंच, आमच्याही आहे. डबकं एका रात्रीत गोठतं पण तळ्याला वेळ लागतो आणि त्याचं कारण मजेशीर आहे. पाणी सगळ्यात जड असतं ते चार अंश सेल्सिअसला. वरचं पाणी थंड झालं की जड होऊन खाली जातं, खालचं वर येतं, असं सगळं तळं ढवळून चार अंशावर येईपर्यंत बर्फाचं नाव काढायचं नाही. त्यानंतर मात्र वरचं पाणी आणखी थंड झालं की हलकं होतं आणि वरच राहतं, आणि मग एखाद्या वारा पडलेल्या रात्री वरच्या वर धरतं. वारा असला तर सगळा चिखल होतो, बारीक कणांचा रवाळ, त्यात बघण्यासारखं काही नसतं. पण वारा पडला असेल, आभाळ मोकळं असेल, तर काठापासनं लांबच लांब सुया सुटतात. हातभर, कधी त्याहूनही लांब. एकमेकींना छेद देत, मधेच पिसासारख्या फाटे फुटत, आणि त्या फाट्यांचे कोन बघाल तर बरेचदा साठ अंशाचे, कारण बर्फाच्या स्फटिकाची घडणच षटकोनी. मग सुयांच्या मधलं पाणी गोठतं आणि सगळं तावदानासारखं सपाट होतं, पण सुयांची नक्षी आत राहते. हा खेळ इथं नोव्हेंबरात मोजून दोनचार सकाळी. एकदा वर स्नो पडला की संपलं, पुढं थेट मार्चमध्ये दिवसा वितळून रात्री गोठायला लागलं की डबकी परत सुरू.

तळ्यावर जायचा एक नियम मला शेजारच्या म्हाताऱ्यानं शिकवला. तो बर्फाला भोक पाडून मासे धरत बसणारा माणूस, पिढ्यान् पिढ्या इथलाच. त्याचं म्हणणं, काळा बर्फ चार इंच असल्याशिवाय पाय ठेवायचा नाही आणि पांढरा असला तर त्याच्या दुप्पट. इथलं सरकारी नैसर्गिक संसाधन खातंही हेच सांगतं. मी हे ऐकलं, मान डोलावली, आणि त्याच आठवड्यात काठालगतच आहे म्हणून एक पाय पुढं टाकला. गुडघ्यापर्यंत आत. पाणी बुटात शिरतं तेव्हा आधी थंड लागत नाही, भाजल्यासारखं होतं. कॅमेरा वाचला, छत्रीही वाचली, पण घरी पोचेपर्यंत पँटचा पाय फळीसारखा कडक झालेला. म्हाताऱ्यानं खिडकीतनं सगळं बघितलं होतं, दुसऱ्या दिवशी दारात बर्फाला भोक पाडायचा हातातला गिरमिट आणि मोजपट्टी आणून ठेवली, बोलला काहीच नाही. तेव्हापासनं मी काठावरनंच कॅमेरा काठीला लावून पुढं धरतो, आणि चार इंच मोजल्याशिवाय पुढं जात नाही.

काळा बर्फ म्हणजे काळा नसतो बरं का, इतका नितळ असतो की खालचं काळं पाणी दिसतं. सावकाश गोठलं की पाण्यात विरघळलेली हवा बाहेर ढकलली जाते आणि काच राहते. घाईनं गोठलं की हवा आतच अडकते आणि बर्फ दुधाळ होतो, आपल्या फ्रीजमधल्या क्यूबच्या मधोमध असतो ना तसा. आणि या काळ्या बर्फाचा मुंबईशी जुना संबंध आहे, हे मला इथं आल्यावर कळलं. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्यानं १८३३ साली तिथल्या तळ्यांवरचा बर्फ कापून जहाजानं कलकत्त्याला पाठवला, १८० टन निघाला, चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडून, आणि तरी शंभरेक टन पोचला. पुढं मुंबईतही तोच बर्फ यायला लागला, त्यासाठी आईस हाऊस बांधलं होतं. म्हणजे मुंबईतल्या साहेबाच्या आणि शेटजीच्या ग्लासात मॅसॅच्युसेट्सचं तळं. त्या लाद्यांमध्ये किती सुया, किती बुडबुडे आले असतील आणि सरबतात वितळून गेले असतील, माझ्यासारख्याला हळहळ वाटते.

बुडबुड्यांचं तर वेगळंच प्रकरण आहे. तळ्याच्या तळाशी पानं कुजतात, त्यातनं मिथेन सुटतो, बुडबुडा वर येतो आणि बर्फाच्या खालच्या अंगाला टेकून चपटा पसरतो. रात्री बर्फ आणखी जाड होतो, बुडबुडा आत अडकतो. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरनं दुसरा येतो, त्याच्या खाली अडकतो. काही दिवसांनी पांढऱ्या चकत्यांची चळत दिसते, इडलीपात्र उघडून बाजूनं बघितल्यासारखी, वरची चकती कुठल्या दिवसाची आणि खालची कुठल्या हे जवळपास सांगता येतं. कॅनडात अल्बर्टामध्ये एब्राहम लेक म्हणून धरणाचा जलाशय आहे, १९७२ च्या बिगहॉर्न धरणामुळं झालेला, तिथले हे बुडबुडे जगप्रसिद्ध आहेत आणि लांबलांबनं लोक कॅमेरे घेऊन येतात. मी काही अजून गेलो नाही. जायची इच्छा आहे पण आमच्या मागच्या तळ्यातही चळती होतात, लहान असतात एवढंच, आणि नाणं ठेवलं तर लहान आहेत हे प्रामाणिकपणे दिसतं, नाणं कापलं तर मात्र माझंही एब्राहम लेकच.

आणखी एक नमुना सांगतो कारण त्यावरनं आमच्यात भांडण झालं होतं. पातळ बर्फावर थोडा स्नो पडला की सकाळी कधीकधी त्यावर काळे कोळी दिसतात, मधे एक ठिपका आणि चहूबाजूंना वाकडेतिकडे पाय. जावई म्हणाला बर्फाचा स्फटिक आहे, मोठा झालाय. मी म्हणालो पाय मोज. कधी सात निघतात कधी अकरा, स्फटिकाचे असते तर सहा पाहिजेत. प्रकार असा असतो की स्नोच्या वजनानं बर्फाचा पत्रा खाली दबतो, कुठंतरी छोटं भोक असतं त्यातनं खालचं पाणी वर येतं, ते पाणी जरा गरम, म्हणजे शून्याच्या वरचं, ते स्नोमधनं वाट काढत चारी दिशांना पळतं, नदीला फाटे फुटतात तसं, आणि तिथला स्नो भिजून काळा दिसतो. रात्री तसंच गोठतं. जावयानं ऐकून घेतलं पण मान्य केलं नाही.

आता फोटोत काय कापावं आणि काय कापू नये यावर तुमच्याशी भांडणारा मी पहिला नाही. इथं व्हरमाँट राज्यात जेरिको गावी विल्सन बेंटली म्हणून एक शेतकरी होता. त्यानं १५ जानेवारी १८८५ ला, वय वर्षं एकोणीस, मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचा फोटो घेतला, आणि १९३१ साली जाईपर्यंत पाच हजारांवर घेतले. खिडकीच्या काचेवरचं दहिवर, दव, हेही फोटो त्यानं खूप काढले. तर हा माणूस स्फटिक उठून दिसावा म्हणून निगेटिव्हवर स्फटिकाच्या भोवतीचा थर चाकूनं खरवडून काढायचा, मग छापल्यावर मागं गडद काळं यायचं. जर्मनीतल्या हेलमन नावाच्या हवामानतज्ज्ञानं त्यावर हरकत घेतली, की खरवडताना कडा बदलल्या नाहीत कशावरनं, आणि आमच्या फोटोत तर इतके सुबक स्फटिक येत नाहीत. मला विचाराल तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. बेंटलीनं वेडेवाकडे सोडून देखणे निवडले हे खरंच, पण एवढ्या थंडीत उघड्या शेडमध्ये उभं राहून श्वास धरून एकेक स्फटिक टिपणाऱ्या माणसाला मी तरी लबाड म्हणणार नाही.

आणि हो, दहिवर. हा शब्द वर वापरला तो मुद्दाम. आता दुसरं कारण.

माझा फोटो छापून आला त्याच आठवड्यात भाच्याचा व्हॉट्सॅप आला. तो पर्यटकांना जीपमधनं महाबळेश्वर फिरवतो. "मामा, तुमचा बर्फ हिकडं आलाय, पेपरात पण आलंय." सोबत जीपच्या टपाचा फोटो, वर पांढरं मिठासारखं, आणि त्यात कुणीतरी बोटानं बदाम काढलेला. मी लगेच आपला पेपर उघडला, तर मथळा, "महाबळेश्वरात बर्फवृष्टी, वेण्णा लेक गोठलं". भाच्याला विचारलं, लेक गोठलंय का रे? "न्हाई ओ मामा, बोटी चालू हायेत की."

संपादक महोदय, बर्फवृष्टी म्हणजे वरनं बर्फ पडणं. रात्रभर आभाळ निरभ्र होतं, चांदण्या दिसत होत्या, मग पडला कुठनं? आणि आभाळ निरभ्र होतं म्हणूनच तर हे घडलं. गवत, पत्रा, स्ट्रॉबेरीची पानं रात्रभर आपली उष्णता उघड्या आभाळाकडं सोडत असतात, ढग असले तर ते थोडी परत देतात, नसले तर गेली ती गेली. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासनं साधारण चार फुटांवर पेटीत असतो, तो सहा-सात अंश दाखवत असेल आणि तेव्हाच खाली गवताचं पातं शून्याला टेकलेलं असेल, यात कुणाचंच खोटं नसतं. त्यातनं थंड हवा जड असते ती उतारानं वाहत जाऊन लेकच्या खोलगट भागात साठते, म्हणून दरवर्षी बातमी वेण्णा लेक आणि लिंगमळ्याचीच येते, बाजारपेठेतली येत नाही. जीपचा टप का पांढरा होतो तर पातळ पत्रा, जमिनीपासनं सुटा, खालनं ऊब मिळत नाही. आणि लेक का गोठत नाही ते वर सांगितलंच, आधी सगळं पाणी चार अंशाला यायला पाहिजे, एवढा तलाव एका रात्रीत कुठला येतो.

या गोष्टीला आपल्याकडं नाव आहे. शाळेच्या भूगोलात दव, दहिवर, धुकं असं ओळीनं शिकवायचे. वाफेचं थेट बर्फाच्या कणात रूपांतर झालं की दहिवर. पेपरवाले बहुतेक वेळा "दवबिंदू गोठले" लिहितात, ते बर्फवृष्टीपेक्षा शंभर पटीनं बरं, जरी आमचे भूगोलाचे सर म्हणायचे की दवबिंदू हे तापमानाचं नाव आहे, तापमान कसं गोठेल रे. पण मला खरंच जाणून घ्यायचंय की त्या दिवशी आधी दव पडलं आणि मग गोठलं, का थेट दहिवरच आलं. जवळनं काढलेल्या फोटोत हे कळतं. आधी दव पडून गोठलं असेल तर गोल गोल काचेचे मणी दिसतात, थेट आलं असेल तर पांढऱ्या बारीक सुया, कडेकडेनं उभ्या. तुमचा फोटो होता तो जीपसमोर स्वेटर घालून हसणाऱ्या चार पर्यटकांचा. पर्यटक चांगले होते, पण दहिवर मागं पांढरा डाग.

म्हणून एक विनंती आहे, तुमच्या तिथल्या वार्ताहराला आणि महाबळेश्वर पाचगणीकडच्या वाचकांनाही. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रजानं १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी लिहून ठेवलंय की अलाहाबादला लोक बर्फ कसा करायचे. तिथं नैसर्गिक बर्फ त्यानं कधी बघितला नव्हता, ना टाक्यात ना रस्त्यावरच्या पाण्यात. पण माणसं मैदानात दोन फूट खोल खड्डे करायची, त्यात उसाची चिपाडं नाहीतर मक्याची वाळलेली ताटं पसरायची, त्यावर मातीची उथळ, सच्छिद्र भांडी ओळीनं मांडायची, संध्याकाळी उकळून गार केलेलं पाणी ओतायची आणि सूर्य उगवायच्या आत बर्फ गोळा करायची. चिपाडांमुळं जमिनीची ऊब लागत नाही, म्हणजे जीपच्या टपाचंच तत्त्व. तर पुढची कडाक्याची थंडी पडेल, वारा पडलेला असेल, आभाळ मोकळं असेल, तेव्हा कुणीतरी वेण्णा लेकच्या खोलगट बाजूला वाळलेल्या गवतावर मातीची परळ नाहीतर पसरट ताटली बोटभर पाणी घालून उघड्यावर ठेवा. उंच काठाचं भांडं नको, छपराखाली नको, झाडाखाली नको. गोठेलच असं नाही. गोठलं तर सहाच्या सुमाराला, ऊन यायच्या आत बघा, सुया काठापासनं सुटतात का, बुडबुडे मधे जमतात का. मोबाईल ताटलीच्या बरोब्बर वर समांतर धरा, वर काळी छत्री धरायला कुणाला तरी उठवा, शेजारी एक रुपया ठेवा, आणि वेळ लिहून ठेवा. भाच्याला मी सांगून ठेवलंय. तो म्हणतो पहाटे पाचला पर्यटक न्यायचे असतात मामा, पण ताटली ठेवतो जाता जाता.

माझ्या आत्याकडं मेटगुताडला लहानपणी हिवाळ्यात जायचो तेव्हा पहाटे गवतावरनं अनवाणी चालत गोठ्याकडं जाताना पायाखाली चुर्र वाजायचं. आत्या म्हणायची दहिवर पडलंय, चपला घाल. तिला कुणी भूगोल शिकवला नव्हता.

आपला,
वाईचा एक जुना वाचक, सध्या मुक्काम मिनेसोटा

ता.क. सोबत नवीन फोटो जोडतोय, याच आठवड्यातला, तळ्यावरच्या बुडबुड्यांच्या चळतीचा, सकाळी सव्वाआठला काढलाय, तापमान उणे चौदा, बर्फ मोजून साडेपाच इंच. रुपया डावीकडं खाली आहे. जागा कमी पडली तर उजवीकडनं कापा, तिकडं नुसती छत्रीची सावली आहे.